खळग्यातले दूध

हिंगोली, ता. २० नोव्हेंबर १९३८, रविवार

तोंडी वचनाला साक्षीदार लागतो. काल निजामसरकारचे जिल्ह्याचे अंमलदार तालुकदारसाहेब यांनी मला वचन दिले तेव्हा खोलीत त्यांच्या कचेरीतले पेशकार उत्तमराव यांच्याखेरीज कोणी नव्हते, आणि उत्तमराव साहेबांच्या विरुद्ध साक्ष देणारे नव्हेत. म्हणून ही वही. जे घडेल ते त्याच दिवशी, तारीख घालून लिहायचे.

हकीकत अशी. माझी मुलींची शाळा कापसाची सरकी काढणाऱ्या जिनाच्या भिंतीला लागून आहे. जिन सुरू झाला की पाढे ऐकू येत नाहीत आणि कापसाची कुसे मुलींच्या नाकातोंडात जातात. दुसरीतली शकू दिवाळीपासून खोकते आहे. गावाबाहेर छावणीतला मेसचा बंगला मात्र पलटण गेल्यापासून, म्हणजे पस्तीस वर्षे, वटवाघळांच्या ताब्यात आहे. तो शाळेला द्यावा असा अर्ज घेऊन मी गेले होते. साहेबांनी अर्ज वाचला, त्याची घडी केली आणि विचारले, "बाईसाहिबा, आपने कभी गोल्फ देखा है?"

मी सांगितले, पाहिला आहे, लंकेत, तरुणपणी. ते खुर्चीतून उठलेच. तेही नुकतेच रजेवर लंकेला जाऊन आले आहेत. त्यांची तक्रार अशी की तिथे जे मैदान चांगले तिथली फी खिसा रिकामा करते आणि वर दारावरचा माणूस आपल्या कातडीकडे बघतो. जे स्वस्त ते तळहातासारखे सपाट. त्यात खेळण्याची गोडी नाही. म्हणून त्यांना छावणीमागच्या माळावर नऊ खळग्यांचे मैदान हवे आहे. जुन्या पलटणीचे अंमलदार तिथेच कुठेतरी खेळत असत म्हणे. सरकारी तिजोरीवर बोजा नको. "आसान नहीं, मुश्किल चाहिए." नाताळच्या सुटीपर्यंत झाले पाहिजे. झाले तर बंगला शाळेच्या नावे लिहून देईन, हे वचन. हत्यारे ठेवायला म्हणून किल्ली लगेच माझ्या हाती दिली.

साठ मुलींसाठी छप्पर मागायला गेलेल्या बाईला एका प्रौढ पुरुषासाठी चेंडूचे मैदान शोधायला सांगितले जाते. मी इतकी थक्क झाले की हो म्हणून आले.

२२ नोव्हेंबर

आमच्या कॉलेजच्या वसतिगृहावर मिस लॉरी नावाच्या स्कॉटिश बाई होत्या. एका उन्हाळी सुटीत त्या मला सोबतीला म्हणून लंकेला घेऊन गेल्या. त्यांच्या गोल्फच्या मैदानाला दोन अटी असत, स्वस्त आणि अवघड. फी जास्त म्हटली की फाटकावरूनच परत फिरत. अखेर चहाच्या मळ्यावर कारकून लोकांनी राखलेले एक मैदान सापडले. एका अंगाला उतार, खाली ओढा, चेंडू चुकला की थेट रानात. तिथे त्या महिनाभर सुखात होत्या. मी त्यांची पिशवी वाहत असे. संध्याकाळी कोणी नसले की त्या काठी माझ्या हातात देत. साताऱ्याची एक विधवा नऊवारी नेसून चेंडू टोलवते आहे हे घरच्यांनी पाहिले असते तर माझे नाव टाकले असते.

मिस लॉरी म्हणत, अवघड मैदान कोणी करत नाही, ते सापडावे लागते. इतक्या वर्षांत मला त्या चेंडूचा आवाज आठवला नव्हता. आज व्याकरण शिकवताना आठवला.

२७ नोव्हेंबर, रविवार

थावराला घेऊन माळ पालथा घातला. थावरा ओढ्यापलीकडच्या बंजाऱ्यांच्या तांड्यातला, जिनात गाठोडी उचलतो. अंगाने दणकट, बोलायला मंद.

माळ बहुतेक सपाट. तरवड आणि कुसळी गवत. सहा जागा ठरवल्या, सहाही पोरखेळ. मी निराश झाले होते. मग ओढ्याच्या वळणावर ते सापडले. गवताने झाकलेले लहान लहान उंचवटे, काही गुडघाभर, काही जेमतेम वर आलेले, प्रत्येकाच्या एका टोकाला एक धोंडा. एका अंगाला उतार, दुसऱ्या अंगाला ओढा. इथे चेंडू पडला की भल्याभल्यांची परीक्षा होईल. हे पलटणीच्या साहेबांनीच रचून घेतलेले असणार. खेळापायी एवढी मेहनत दुसरे कोण करील? तीन खळगे इथेच.

थावराला बजावले की इथे गुरे फिरकता कामा नयेत, कोणी पाय देता कामा नये, गवत हाताने काढायचे आणि तिन्ही जागी लाल निशाण लावायचे. त्याने दोनदा विचारले, "हितंच? लाल निशान?" मी म्हटले, इथेच, सगळ्या मैदानात हीच जागा महत्त्वाची. त्याने पायांतल्या वहाणा काढल्या आणि नुसता उभा राहिला. काटा मोडला का, म्हणून विचारले. न्हाई, म्हणाला.

४ डिसेंबर, रविवार

सहा खळगे सांगितल्याप्रमाणे झाले, त्यांनाही कचेरीतून आलेली लाल निशाणे लागली. ओढ्याकाठच्या तिहींना थावराने हट्ट केला. खळगा उंचवट्याच्या माथ्यावर हवा होता. तो तिथे कुदळ लावीना, पायथ्याशीच खणू लागला. आळशी म्हणून रागावले. त्याने मान खाली घालून ऐकले आणि म्हणाला, "बाई, हातभर इकडंच ऱ्हाऊ द्या." राहू दिले. एका परीने बरेच झाले, उंचवटा मध्ये आल्याने चेंडू घालणे आणखी कठीण.

आश्चर्य याचे की आज तांड्याचे आणखी पाचसहा लोक न बोलावता आले. त्यांचा नाईक रूपसिंग, माझ्याहून वडील माणूस, स्वतः हातात खराटा घेऊन होता. मी स्पष्ट सांगितले की जास्तीच्या माणसांना मजुरी नाही. तो म्हणाला, "मजुरी कशाची, बाई." जिनात याच माणसांना मुकादम ओरडून ओरडून कामाला लावतो. माणसाशी शिस्तीने बोलले की माणूस काम करतो, हे मी नेहमी सांगत आले आहे.

८ डिसेंबर

धक्कादायक प्रकार. सकाळी पाहणीला गेले तर ओढ्याकाठच्या तिन्ही खळग्यांत दूध. काठोकाठ नाही, तळाशी, आणि त्यावर मुंग्यांची रांग. बाकीचे सहा कोरडे. जिनातल्या टवाळ पोरांचे काम असणार. खेडेगावात लेकरांना दूध मिळत नाही आणि इथे ते मातीत ओततात. थावराला खळगे धुवायला लावले. त्याचा चेहरा उतरला. मला वाटते त्याला चोर माहीत आहे.

१० डिसेंबर

पुन्हा दूध. ओढ्याकाठच्या पाचव्या खळग्याजवळ गुळाचा खडा आणि मातीचा एक बैल, पोळ्याला करतात तसा, एक शिंग मोडलेला. गूळ मुंग्यांनी खाल्लाच होता. बैल मी ओढ्यात भिरकावला.

१३ डिसेंबर, मार्गशीर्ष वद्य षष्ठी

उपास. शाळेत गेले. बाकी काही लिहायचे नाही.

१६ डिसेंबर

साहेबांनी काठ्यांची पिशवी आणि चेंडू पाठवले. मैदान खेळता येते की नाही हे पाहिल्याशिवाय मी ताब्यात कसे देणार? आजूबाजूला कोणी नाही असे पाहून पदर खोचला. पहिले दोन फटके मातीत गेले. तिसरा चेंडू उठला. तोच आवाज. तो ओढ्याकडे गेला आणि पाचव्या जागेच्या धोंड्यावर टक्कन आपटून पाण्यात पडला.

कोणी नाही असे मला वाटले होते. मोळ्या घेऊन चाललेल्या तांड्यातल्या बायका थांबून बघत होत्या. एक तरुण पोरगी हसून म्हणाली, "मास्तरीणबाई लेकरावानी खेळून राहिली." मी काठी खाली ठेवली. त्यांतली एक वयस्क बाई, जिवनबाई, मोळी उतरवून जवळ आली. कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्यांची बलोती, घागऱ्याच्या आरशांना कोळशाचा धूर लागलेला. तिने तो धोंडा हाताने पुसला आणि म्हणाली, "खेळा, बाई. त्यास्नी बी खेळ आवडतो."

मी म्हटले, हो, फार आवडतो, आणि सव्वीस तारखेला साहेब स्वतः इथे येणार आहेत. ती माझ्याकडे बघतच राहिली.

"साहेब बी येनार?"

"येणार."

तिने दोन्ही हात माझ्या तोंडावरून फिरवले आणि स्वतःच्या कानशिलावर बोटे मोडली. एका खेळाचे या लोकांना एवढे कौतुक का, कळत नाही.

२१ डिसेंबर

शकूला आज खोकताना रक्त दिसले. थोडे होते. तिला घरी पाठवले. जिन चालूच होता.

बंगल्याच्या दोन खोल्या झाडून घेतल्या. पूर्वेच्या खोलीत पहिली आणि दुसरी बसतील. खिडक्या मोठ्या आहेत, ऊन येते.

२४ डिसेंबर, शनिवार

लिहू नये असे वाटते. तरी आजच लिहायचे.

दूध थांबेना, आणि साहेब परवा येणार. चोराला पकडायचे म्हणून कोंबडे आरवताच जाऊन तरवडाच्या आड बसले. उजाडताना जिवनबाई तांब्या घेऊन आली. पाचव्या निशाणापाशी बसली, खळग्यात दूध ओतले, आणि त्यांच्या भाषेत हळूहळू काही बोलू लागली, शेजारी अंथरुणात कोणी असल्यासारखे. मग गवतात हाताने काहीतरी चाचपू लागली.

मी पुढे होऊन तिचे मनगट धरले आणि विचारले, हे काय चालवले आहेस.

ती दचकली नाही. "नेमाला दूध देते, बाई."

"नेमा कोण?"

"माझा पोरगा. तुमी न्हाई का त्याला निशान लावलं."

मला काही केल्या समजेना. मग तिने सांगितले, जे लहान मुलालाही ठाऊक असते ते सांगावे तसे. "आमच्यात लगीन झालेलं मानूस जाळत्यात. बिनलग्नाचं पुरत्यात. ही समदी आमची लेकरं. नेमा देवीच्या साथीत गेला. सात वर्साचा व्हता." आणि वर म्हणाली, "तुमी खळगा खांदला, तवा आमी म्हनलं, बाईनं दूध जिरायला जागा केली."

ती पुन्हा गवत चाचपू लागली. "त्याचा बैल ठिवला व्हता हितं. कुत्र्यानं नेला वाटतं."

मी खाली बसले. बसले आणि लगेच उठले. कुठे उभे राहावे ते कळेना. जिकडे पाहावे तिकडे उंचवटे होते, आणि किती लहान होते ते आता दिसत होते. गेला महिनाभर मी त्यांतून पावलांनी अंतरे मोजत फिरले होते. अवघड, फार छान अवघड, असे म्हणत.

जिवनबाईने विचारले, "तुमाला लेकरं?"

एक मुलगा होता, म्हटले. आठ महिन्यांचा. प्लेगच्या सालात गेला, मार्गशीर्षात.

"कुठं हाय?"

"साताऱ्याला."

"साताऱ्याला कुठं?"

मला माहीत नाही. मी तापात होते, आमचे हे शेजारच्या झोपडीत शेवटचे श्वास मोजत होते. पुरुषमाणसे त्याला घेऊन गेली. परत आल्यावर कोणी सांगितले नाही, मी विचारले नाही. नंतर मी कॉलेजात गेले. सदतीस वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता, मीही नाही.

तिने कडेच्या, धोंडाही नसलेल्या एका उंचवट्याकडे बोट केले. "त्यो कोनाचा हाय, कोनाला ठावं न्हाई. वाटसरूचं लेकरू व्हतं." तांब्यात तळाशी दूध उरले होते. तांब्या माझ्यापुढे धरला.

मी घेतला नाही. घरी निघून आले.

त्याच दिवशी, दुपारी

नीट विचार केला पाहिजे. मेलेली मुले खोकत नाहीत. शकू खोकते. मी काहीच बोलले नाही तर साहेब आपला खेळ खेळतील, तांड्याला तो लेकरांचा मान वाटेल, आणि शाळेला बंगला मिळेल. कोणाशी खोटे बोलण्याचीही गरज नाही. फक्त गप्प राहायचे. हा विचार मी केला, हे लिहून ठेवते. तो चुकीचा आहे असे मला अजूनही पुरते वाटत नाही.

ओढ्यात उतरून बैल शोधला. सापडला. उचलताच हातात विरघळला.

२६ डिसेंबर, सोमवार

साहेब आठच्या सुमारास आले. बरोबर उत्तमराव, पिशवी धरून. मी ठरवले होते की तोंड उघडायचे नाही.

पहिल्या चार खळग्यांना साहेबांनी जांभया दिल्या. मग ओढ्याचे वळण आले. ते थबकले, उतार पाहिला, उंचवटे पाहिले आणि लहान मुलासारखे हसले. "वाह बाईसाहिबा. ये हुई ना बात. लंका में भी ऐसा नहीं मिला." मेसच्या बंगल्याला नवे दरवाजेही लावून देतो म्हणाले. काठी निवडून घेतली आणि पाय रोवून उभे राहिले.

तेवढ्यात ओढ्यातून माणसे वर आली. पुढे रूपसिंग नाईक, डोक्याला नवा फेटा. मागे तांड्यातल्या सगळ्या बायका, ठेवणीतले घागरे, सकाळच्या उन्हात आरसे चमकत होते. हातात लापशीची परात. त्या येऊन आपापल्या उंचवट्यापाशी बसल्या, वर्गात मुली आपापल्या जागी बसतात तशा.

रूपसिंगने साहेबांपुढे वाकून सांगितले, "साहेब, हितून पलटणीचे घोडे गेले. कापसाच्या गाड्या गेल्या. आमी काय बोलनार? आमच्या लेकरांची जागा कोनी राखली न्हाई. तुमी राखली."

त्याच्या बोलण्यातले साहेबांना अक्षर समजले नाही. त्यांनी माझ्याकडे वळून विचारले, "क्या कहते हैं?"

उत्तमराव माझ्या मागेच होते. ते कुजबुजले, "बाई, म्हणा, मैदान बघून गाव खूश झालंय. एवढंच म्हणा."

किल्ली माझ्या कमरेला होती. हे शब्द खोटेही नव्हते, म्हणता आले असते. जिवनबाई पाचव्या निशाणापाशी बसली होती आणि माझ्याकडे बघून हसत होती, वर्गात पोरीची आई आल्यावर हसते तशी.

मी म्हटले, "साहब, ये बच्चों की क़ब्रें हैं. निशान मैंने लगवाए. इन्हें मालूम नहीं कि ये खेल है. ग़लती मेरी है, इनकी नहीं."

साहेबांनी आधी आपल्या पायांखाली पाहिले. मग काठी उत्तमरावांच्या हाती दिली, टोपी काढली, बूट काढले, मोजेही काढले. रूपसिंगने दिलेली लापशी दोन्ही हातांत घेऊन उभ्यानेच खाल्ली. अनवाणीच मोटारीपर्यंत गेले. काटे होते.

बायका समाधानाने परतल्या. जिवनबाईने जाताना विचारले, "साहेब खेळला न्हाई काहून?"

मी म्हटले, वेळ झाली होती.

२९ डिसेंबर

अर्धे सांगून मला झोप येईना. तांड्यावर गेले. मी तांड्यावर गेले याचाच तिथे मोठा गवगवा झाला, कोणी घोंगडी अंथरली, कोणी कुत्री हाकलली. जिवनबाईला बाजूला घेऊन सांगितले की निशाणे लेकरांसाठी नव्हती, चेंडूच्या खेळासाठी होती, आणि तिथे कोण आहे हे मला माहीत नव्हते.

ती पाट्यावर मिरची वाटत होती, हात थांबला नाही. "मंग? निशान तर लागलं."

मग बैलाचे सांगितले. तेव्हा हात थांबला.

"तुमी टाकला?"

"मी टाकला."

"त्याच्या बापानं केला व्हता. बाप बी गेला." तिने वरवंटा बाजूला ठेवला. "निशानाचं जाऊ द्या, बाई. बैल काहून टाकला? बैल काय तुमच्या आडवा आला व्हता?"

तिने पाठ केली. बाकीच्या बायका मला वाटेला लावायला आल्या, ती आली नाही.

२ जानेवारी १९३९

उत्तमराव सही घ्यायला हुकूम घेऊन आले. माळ खेळास अयोग्य आढळला, सबब मेसचा बंगला अन्य कामासाठी राखण्यात येत आहे, दिलेले सामान किल्लीसह परत करावे. साहेब रागावले आहेत का, असे विचारले. उत्तमराव म्हणाले, रागावले नाहीत, तुमचं नाव निघालं की गप्प होतात. आणि मग, "बाई, एवढीशी गोष्ट गिळली असती तर आज दारं बसली असती."

खरे आहे. त्यांच्या बोलण्याचा मला धक्का बसायला हवा होता. तो बसला तो निराळाच: साठ मुलींचे छप्पर माझ्या एका वाक्याने गेले, आणि तरी तेच वाक्य मी पुन्हा बोलेन. शकूला तिच्या मामाकडे जवळच्या पुसेगावला पाठवायला आईला राजी केले. तिथे जिन नाही. बाकीच्या मुलींचे काय, याला उत्तर नाही. नवा अर्ज उद्या लिहायला घेते.

५ जानेवारी १९३९, गुरुवार

सुपूर्द केल्याची नोंद.

पेशकार उत्तमराव यांच्याकडे: मेसच्या बंगल्याची किल्ली. काठ्या, पिशवीसह. चेंडू, एक कमी, तो ओढ्यात गेला. लाल निशाणे पाच.

जिवनबाई यांच्याकडे: मातीचा बैल एक, मी केलेला, चुलीशी वाळवून. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला. "शिंगं वाकडी हायत," म्हणाल्या. परंतु घेतला.

निशाणे तीन: जागेवरच आहेत. ती परत मिळणार नाहीत असे उत्तमरावांना सांगितले. त्यांनी वाद घातला नाही.

मग त्यांनी पुन्हा मोजली आणि विचारले की पाच आणि तीन आठ होतात, नववे निशाण कुठे आहे.

ते मी आज सकाळी धोंडा नसलेल्या उंचवट्याला लावून आले होते. दूध घरचेच नेले होते.

उत्तमरावांना सांगितले, साताऱ्याला.